थरथरणारे हात आणि बाबांची किराणा यादी

माझे हात थरथरतात. नेहमी नाही हां, कांदा चिरताना नाही, इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीतून स्कूटी काढताना तर अजिबात नाही, पण समोर कोणी पॅड-पेन घेऊन उभं राहिलं आणि म्हणालं "चलिए, शुरू कीजिए" की संपलं. आधी तळवे ओले, मग तोंड कोरडं, मग बोटं. आणि ओल्या हातावर ग्लव्ह चढत नाही हे ज्याने कधी घातलेत त्याला माहितीय, अर्ध्यात अडकतो आणि करंगळीच्या घरात दोन बोटं जाऊन बसतात.

चार वर्षं इंदूरला बी.एस्सी. नर्सिंग केलं, आता संपलं एकदाचं, आणि हल्ली ज्युनिअर पोरींचे मेसेज येतात की दीदी थिअरी येते, वॉर्डात पण जमतं, प्रॅक्टिकलला उभं राहिलं की सगळं ब्लँक, काय करू. प्रत्येकीला तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच इथे लिहून टाकते. मराठी आमची इंदुरी आहे, पुण्याची मावशी म्हणते तुम्ही लोक अर्धं हिंदीच बोलता, बोलतो तर बोलतो.

ज्यांचा नर्सिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या असतात, एक उचलायची, त्यात जी प्रोसिजर निघेल तिचा ट्रे लावायचा आणि डमीला पेशंट समजून सगळं करून दाखवायचं, करता करता तोंडाने सांगायचं पण, आणि शेजारी इंटर्नल (आपल्या कॉलेजच्या) आणि एक्स्टर्नल (बाहेरून आलेल्या) अशा दोन परीक्षक मॅम. डमीला आमच्या बॅचने मौसीजी नाव ठेवलेलं. मौसीजींना आम्ही किती वेळा टोचलं, किती वेळा आंघोळ घातली, किती वेळा नाकातून नळी घातली त्याचा हिशेब नाही, चेहरा मात्र कायम तोच, छताकडे बघत, जसं काही कालच्या जेवणात मीठ जास्त होतं.

दुसऱ्या वर्षाला माझ्या चिठ्ठीत कॅथेटरायझेशन निघालं. म्हणजे लघवीची नळी घालणं. यात सगळी गंमत निर्जंतुक राहण्यात आहे, बाहेरचे जंतू नळीबरोबर आत गेले की पेशंटला इन्फेक्शन. ट्रे बरोबर लावला. हात धुतले. पहिला ग्लव्ह चढला. दुसरा चढवताना हात इतका हलत होता की उजव्या ग्लव्हचा अंगठा माझ्याच ॲप्रनला लागला, निसटता, अर्धा सेकंद असेल नसेल. मला कळलं. लगेच कळलं. पण मी थांबले नाही, वाटलं दिसलं नसेल, पुढे रेटलं. एक्स्टर्नल मॅमनी काहीतरी लिहिलं, पेनाचा तो कागदावरचा खर्र आवाज मला आजही ऐकू येतो, आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "ग्लव कहीं टच हुआ क्या?"

मी म्हणाले, "नो मॅम."

त्या प्रॅक्टिकलला नापास झाले ते जाऊ द्या, परत दिलं, सुटलं. पण ते "नो मॅम" कितीतरी दिवस टोचत राहिलं. घरी सांगितलं नाही, आजीला फक्त म्हटलं की हात कापत होते. आजी म्हणाली, "अगं सकाळी पोहे तसेच टाकून गेलीस, रिकाम्या पोटी हात कापणार नाहीत तर काय." आमच्याकडे सगळ्या आजारांचं मूळ न खाल्लेल्या पोह्यांत असतं. (पूर्ण चूक पण नव्हती ती. उपाशी पोट आणि दोन कप चहा हे कॉम्बिनेशन परीक्षेच्या दिवशी करू नका, हात जे दहा हलणार असतात ते वीस हलतात.)

नंतर वॉर्ड पोस्टिंग लागलं आणि तिथे एका स्टाफ सिस्टरने मला जे शिकवलं ते कुठल्या लेक्चरला आलं नाही. एका काकांचं रक्त काढायचं होतं, सिस्टर बघत उभ्या होत्या, म्हणजे परत तेच, कोणीतरी बघतंय. सुई हातात आणि टोक असं नाचतंय. सिस्टर रागावल्या वगैरे नाहीत, म्हणाल्या, "हवा में क्यों पकड़ रखा है? छोटी उँगली टिका उनके हाथ पे." करंगळी काकांच्या मनगटावर टेकवली आणि टोक थांबलं. पूर्ण नाही, पण कामापुरतं थांबलं. हात हवेत अधांतरी असला की खांद्यापासूनची सगळी थरथर सुईच्या टोकाला येते, टेकवला की मध्येच अडते. घरी करून बघा, पेन हवेत धरा आणि मग करंगळी टेबलावर टेकवून धरा. मेंदी काढणाऱ्या बायकांचा हात बघा कधी, करंगळी टेकलेलीच असते. आपल्याला डोळ्यांसमोर दिसत असतं पण सुचत नाही.

स्टेराइल, म्हणजे निर्जंतुक, कामात अर्थात कुठेही टेकवून चालत नाही, तिथे हात ड्रेपवर (पेशंटवर पसरलेल्या निर्जंतुक कापडावर) टेकवायचा, ट्रेच्या कडेवर नाही. हे मी चुका करून शिकलेय.

आता ते शरीराचं. चिंता म्हणजे मनाचे खेळ असं घरात म्हणतात पण हात हलवायला मन नाही येत, ॲड्रेनलिन येतं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या ज्या ग्रंथी असतात तिथून. हृदय जोरात, तोंड कोरडं, तळव्यांना घाम, हाताला कंप, सगळं त्याचं आणि त्याच्याबरोबर जाग्या होणाऱ्या नसांचं. आणि गंमत बघा, आम्हीच इमर्जन्सी ट्रॉलीत ॲड्रेनलिनचे 1 मिलिग्रॅमचे ॲम्प्यूल (काचेच्या बंद कुप्या) मोजून ठेवतो, हृदय बंद पडलं तर दर 3 ते 5 मिनिटांनी द्यायला लागतं म्हणून. परत परत का द्यायचं? कारण ते रक्तात फार वेळ टिकतच नाही. हे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, घडाघडा सांगितलं मी, पण स्वतःला लावून बघायचं डोक्यात आलं ते तिसऱ्या वर्षी, एक दिवस सिटी बसमध्ये उभ्या उभ्या. म्हणजे माझी ती पहिली लाट पण काही मिनिटांतच ओसरणार, जर मी "मेले, आता गेले, मॅमनी लिहिलं" करून तिला नवीन डोस देत बसले नाही तर.

मग मी काय केलं, तर प्रोसिजरची पहिली दोन मिनिटं मोठ्या हालचालींची करून टाकली. ॲम्प्यूल फोडणं, ग्लव्ह घालणं, सिरिंजमधला बुडबुडा काढणं ही बारीक बोटांची कामं आहेत, त्यांना लगेच हात घालायचा नाही. आधी पेशंटचं नाव विचारायचं, आयडी बँड बघायचा, काय करणार ते सांगायचं, पडदा ओढायचा, बेडची उंची ठीक करायची, ट्रेवरून एकदा नजर फिरवायची. हे सगळं चेकलिस्टमध्ये असतंच, त्याचे मार्क असतात, आणि पोरी नेमकं तेच घाईत उडवतात. मग हात धुणं. डब्ल्यूएचओप्रमाणे साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद लागतात, ते पूर्ण घ्यायचे. कोणीही तुम्हाला हात जास्त धुतले म्हणून नापास करत नाही! तेवढ्यात श्वास सोडायचा, घ्यायचा कमी आणि सोडायचा लांब, नळाकडे बघत, कोणाला कळत पण नाही. लांब श्वास सोडला की हृदयाचा वेग थोडा खाली येतो, नाडीवर बोट ठेवून बघितलं तर कळतं.

गोळीचं पण सांगते, कारण हे सगळ्या हॉस्टेलांत चालतं आणि कोणी बोलत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी एका मैत्रिणीने पर्समधून स्ट्रिप काढली, प्रोप्रॅनोलॉल, म्हणाली अर्धी घे, हात हलत नाहीत, सीनियरने सांगितलंय. खरंच थांबतात हात, खोटं नाही. पण मला लहानपणापासून दमा आहे, बॅगेत इनहेलर असतो, आणि हे औषध दमेकऱ्याला देत नाहीत कारण श्वासनळ्या आवळतात, हे मी फार्माकोलॉजीच्या पेपरात स्वतःच्या हाताने लिहून मार्क घेतले होते. आणि तरी, खरं सांगते, दोन मिनिटं मी त्या स्ट्रिपकडे बघत बसले. इतकी भीती असते. वॉर्डात आम्ही पेशंटला दहादा विचारतो कसली ॲलर्जी आहे का, दमा-शुगर आहे का, आणि हॉस्टेलच्या खोलीत चॉकलेटसारख्या गोळ्या वाटतो. डॉक्टरांनी तुम्हाला तपासून दिली तर गोष्ट वेगळी, पर्समधली नको.

आमच्या बॅचच्या एका मुलीला तर लॅबच्या दारातच श्वास अडकायचा, हातपाय बधिर, दोनदा खाली बसली, तिला हे करंगळी-बिरंगळी सांगणं म्हणजे चेष्टा झाली असती. तिने 14416 ला फोन केला, ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, आणि मग सायकियाट्रीच्या ओपीडीत रीतसर दाखवलं. सहा महिन्यांनी परीक्षेत माझ्याआधी तिचं स्टेशन (एका प्रोसिजरचं टेबल) झालं होतं. तर ज्यांचं त्या पातळीचं आहे त्यांनी माझ्या ब्लॉगवर विसंबून राहू नका.

कुठेतरी वाचलं होतं की 2011 साली रामिरेझ आणि बायलॉक या दोन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात छापलं की परीक्षेच्या ऐन आधी 10 मिनिटं मुलांनी आपली भीती कागदावर लिहून काढली तर मार्क सुधारले, जास्त घाबरणाऱ्यांचे विशेष. मी पण करून बघितलं. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, भराभर, शुद्धलेखन-बिद्धलेखन सोडून. नंतर वाचलं तर बारा ओळींत प्रोसिजरबद्दल एकच ओळ होती. बाकी सगळं मॅम. मॅम बघतील, मॅम लिहितील, मॅम दुसऱ्या मॅमकडे बघून मान हलवतील, मॅम म्हणतील ये क्या सीखा है. म्हणजे मला कॅथेटरची भीतीच नव्हती! मी मौसीजींबरोबर एकटी असताना डोळे मिटून करीन ते काम. मला बघितलं जाण्याची भीती होती, आणि मी प्रॅक्टिस मात्र चार वर्षं एकटीने, लॅब रिकामी असेल तेव्हा, मुद्दाम कोणी नसताना करत होते. मूर्ख.

मग घरात परीक्षा सुरू झाली. आमच्या राजेंद्र नगरच्या घरात डायनिंग टेबल म्हणजे स्टेशन, आजी पेशंट, बाबा एक्स्टर्नल, आई घंटा. घंटा म्हणजे खरंच घंटा, देवघरातली, पाच मिनिटं झाली की आई वाजवायची आणि आजी सवयीने हात जोडायची, बीपीचा कफ लावलेला तसाच. आजीवर बीपी, टेंपरेचर, बँडेज एवढंच, इंजेक्शन संत्र्याला, आणि ग्लव्हची एकच जोडी, पावडर लावून परत परत घडी घालून तीच वापरायची जोपर्यंत फाटत नाही.

आजी पेशंट म्हणून अवघड होती. डमी बोलत नाही आणि हीच डमीची खोट आहे. मी म्हणायचे, "मी तुमचं बीपी घेणार आहे, चालेल का?" तर आजी, "आणि नाही म्हटलं तर?" बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीला, बोलायचं नाही कारण बोललं की आकडा वर जातो. आजीला पाच मिनिटं गप्प बसवणं यापुढे कॅथेटर काहीच नाही. "आता बोलू का?" "नाही." "आता?" शेवटी 148 वर 86 आलं, मी कागदावर लिहिलं, आजी म्हणाली, तू गप्प बसवून बसवून वाढवलंस ते. पण एक झालं. पेशंटशी बोलत राहायची सवय लागली, आणि बोलत असताना मला माझे हात दिसत नाहीत. लॅबमध्ये आम्ही इंग्रजीत पाठ केलेली स्टेटमेंट्स म्हणायचो, 'एक्सप्लेन द प्रोसिजर टू द पेशंट' म्हणायचो, आणि एक्सप्लेन काही करायचोच नाही. आजीला एक्सप्लेन करावंच लागायचं, नाहीतर ती हात काढून घ्यायची.

बाबांना मी सांगितलं होतं की तुम्हाला काही कळलं नाही तरी चालेल, तुम्ही फक्त चेहरा गंभीर ठेवा आणि सतत लिहीत राहा, काहीही लिहा. बाबा बँकेतून रिटायर झालेत, गंभीर चेहरा त्यांना वेगळा करावा लागत नाही. मी ग्लव्ह उघडायला घेतला की त्यांचं पेन सुरू. पहिल्या चार-पाच दिवसांत तो खर्र आवाज आला की घरातसुद्धा माझी बोटं हलायची, बघा, स्वतःच्या बाबांसमोर! मग एकदा मान लांब करून बघितलं काय लिहितात, तर तूरडाळ 2 किलो, शेंगदाणे, सेव, जिरावन संपलंय, कपड्यांचा साबण. मी इतकी हसले की स्टेराइल फील्डवर ग्लव्ह पडला. त्यानंतर पेनाचा आवाज आला की डोक्यात तूरडाळ यायची. सलग महिनाभर. कुठल्याही मॅमच्या पेनाचा असो.

शेवटच्या परीक्षेत ऑस्की पद्धत होती, वेगवेगळी स्टेशनं, प्रत्येकाला पाच मिनिटं, घंटा झाली की पुढे सरकायचं. याचं सगळ्यांना जास्त टेन्शन येतं, मला उलट बरं वाटलं. ही पद्धत रोनाल्ड हार्डन नावाच्या स्कॉटलंडच्या डंडीतल्या डॉक्टरांनी काढली, 1975 मध्ये छापली, कारण तेव्हा परीक्षेत कुणाला सोपा पेशंट यायचा कुणाला अवघड, कुणाचा परीक्षक चांगल्या मूडमध्ये तर कुणाचा भांडून आलेला, म्हणून सगळ्यांना तीच स्टेशनं आणि हातात चेकलिस्ट. म्हणजे समोरच्या मॅम टिक करतायत. हात धुतले, टिक. नाव विचारलं, टिक. हात कापला याचा रकानाच नाही त्या कागदावर! हे कळायला मला चार वर्षं लागली. आणि एक स्टेशन गेलं तर गेलं, दाराबाहेर ते सोडून यायचं, पुढच्या मॅमना मागचं काही माहीत नसतं.

सकाळी आजीने दही-साखर दिली, पोहे पण खाल्ले, अर्धी प्लेट, जिरावन (पोह्यांवरचा आमचा इंदुरी मसाला) न घालता.

तिसऱ्या स्टेशनला आयएम, म्हणजे स्नायूत द्यायचं, इंजेक्शन. नाव विचारलं, हात धुतले, लांब श्वास सोडले, ॲम्प्यूल व्यवस्थित फुटला, औषध ओढलं, सुई बदलली. आणि टोपण काढताना परत. तोच हात. सुई ट्रेच्या कडेला टिक करून लागली. मॅम खाली बघून लिहीत होत्या, मला शंभर टक्के खात्री आहे की त्यांनी बघितलं नव्हतं. घड्याळात दोन मिनिटं वीस सेकंद उरले होते.

मी म्हणाले, "मॅम, नीडल कंटॅमिनेट हो गई है, मैं चेंज कर रही हूँ."

आवाज फाटला माझा बोलताना. मॅमनी वर बघितलं, काही बोलल्या नाहीत. सुई सरळ पांढऱ्या शार्प्सच्या (टोकदार कचऱ्याच्या) डब्यात, नवीन सुई, करंगळी मौसीजींच्या दंडावर टेकवली, 90 अंशात आत. बाहेर काढली, परत टोपण लावलं नाही, डब्यात, ग्लव्ह लाल पिशवीत, आणि रेकॉर्ड लिहायला पेन उचललं तोच घंटा. नोंद राहिली. नोंदीचे मार्क गेले. बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहिले तेव्हा हात नुसते पानासारखे हलत होते, दोन्ही, आणि मला काहीच वाटलं नाही त्याचं, पुढचं स्टेशन न्यूट्रिशनचं होतं, तिथे नुसतं लिहायचं होतं.

पास झाले. चांगल्या मार्कांनी वगैरे नाही, पास. रात्री बाबा सगळ्यांना सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, घेऊन गेले, आजीने भुट्टे का कीस खाल्ला आणि वर म्हणाली की आता माझं बीपी कोण घेणार.

परवा टेबलाचा खण आवरताना बाबांचा तो पॅड सापडला. पानंच्या पानं किराणा. तूरडाळ तर इतक्या वेळा की आम्ही खानावळ चालवतो असं वाटावं. शेवटच्या शेवटच्या पानांवर मात्र मधेमधे दुसरंच काहीतरी होतं, बारीक अक्षरात: 'खांदे वर जातात.' 'आज घाई केली.' 'डावा ग्लव्ह पहिल्या झटक्यात.' आणि एका पानावर, साबण आणि काडेपेटीच्या मध्ये: 'ग्लव्ह घालताना जीभ बाहेर काढते, आईसारखी.'

आईला दाखवलं, तर तिला पटेचना. सुईत दोरा ओवत होती, जीभ बाहेर.